पेरूचं पाणी तापलं, मग काटोलात पेरायचं कधी?

तर्रीपोहा | ९ जून २०२३, सकाळी ७:४०

मामाचा फोन आज सहालाच आला. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलजवळ त्याची अकरा एकर शेती. चार एकरांत संत्रा, बाकी कपाशी-तूर आणि थोडं सोयाबीन. म्हणाला, "काय रे, तू दिवसभर कम्प्युटरपुढे बसतोस, हे एल निनो काय लफडं हाय? गावच्या ग्रुपवर फिरून राह्यलं का यंदा पाऊस नाही, पेरूच नका."

योग असा की काल एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. मान्सून आठवडाभर उशिरा का होईना केरळात पोचला, आणि अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेनं प्रशांत महासागरात एल निनो सुरू झाल्याचं जाहीर केलं. आपल्या हवामान खात्यानं ११ एप्रिललाच सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज दिलाय, पाच टक्के इकडे-तिकडे. मामानं मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याची बाग ताणावर ठेवली आहे, पाणी तोडलंय. पाऊस लांबला तर विहिरीचं पाणी देऊन ताण तोडावा लागेल, आणि विहिरीत किती पाणी आहे ते त्याचं त्यालाच माहीत.

मला एवढंच ठाऊक की तिकडे समुद्र तापतो आणि इकडे बोंब होते. मधलं काहीच ठाऊक नाही. नागपूर म्हणजे देशाच्या पोटात, झिरो माईलचा दगड इथं. कुठलाही समुद्र पाचशे किलोमीटरच्या आत नाही. त्यात हा तर पार दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचा समुद्र! जाणकारांनी उजेड पाडावा. मामाला संध्याकाळी फोन करायचा आहे.

संत्राबर्फी | ९ जून, ८:१५

रुमाल टाकून ठेवते. माझ्या सासऱ्यांचंही हेच चालू आहे. त्यांनी पंचांगात मृगाचं वाहन पाहिलंय, शिवाय भेंडवळच्या घटमांडणीचं पावसाचं भाकीत ऐकलंय, आता तिसरं मत हवं आहे.

राजेहो | ९ जून, ९:०२

कावून बाप्पा, तो समिंदर कुठी अन् आपलं कोंढाळी कुठी! दरसाल जून आला का हे लोकं कोणतं तरी नवीन भूत काढते. आमचा बुढा म्हणे, मृगात पेरलं त पेरलं. १९९७ ले काय झालं होतं मले सांगा. तवाही पेपरात असंच होतं, शतकातला मोठा एल निनो. अन् पाऊस? झाला न मस्त! सांगा मंग.

निळावंती | ९ जून, ११:३०

राजेहो, तुमचा १९९७ चा मुद्दा अगदी बरोबर आहे. त्या वर्षाच्या कोड्यानं भल्याभल्यांची झोप उडवली होती. त्याकडे येतेच, आधी तर्रीपोहा यांचं 'मधलं'. मी या विषयात काम करते. पुण्यात. हो, पुण्यात समुद्र नाही. हसून झालं असेल तर पुढे.

बशीतला चहा आठवा. एका बाजूनं फुंकर मारली की चहा पलीकडच्या काठाला चढतो आणि आपल्या बाजूला बशीचा तळ दिसू लागतो. प्रशांत महासागरात विषुववृत्तावर वर्षभर अशी फुंकर चालू असते, पूर्वेकडून पश्चिमेकडे. तिला व्यापारी वारे म्हणतात. उन्हानं तापलेलं वरचं पाणी ते इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तिकडे समुद्राची पातळी पेरू-इक्वेडोरच्या बाजूपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते. इकडे पेरूच्या किनाऱ्याला जी जागा रिकामी होते ती भरायला खालचं थंडगार पाणी वर येतं.

आता ढग. जिथं पाण्याचा पृष्ठभाग २८ अंशांच्या आसपास किंवा वर असतो तिथं हवा जोरात वर चढते, ढग बनतात, पाऊस पडतो. नेहमी हे इंडोनेशियाच्या बाजूला घडतं. चढलेली हवा कुठंतरी उतरणारच, ती पेरूकडे उतरते. उतरत्या हवेत ढग धरत नाहीत, म्हणून तो किनारा वाळवंट आहे.

एल निनोत फुंकर मंदावते. लोटलेलं कोमट पाणी घरंगळत मध्य आणि पूर्व प्रशांतकडे येतं, त्याच्यामागोमाग ढगांचा कारखाना तिकडे सरकतो. मग हवा उतरायची जागाही बदलते, आणि त्या उतरणीच्या टप्प्यात इंडोनेशिया, कधी ऑस्ट्रेलिया, कधी आपण येतो. काटोलचं पाणी पेरूला जात नाही. पेरूकडच्या उष्णतेमुळे काटोलच्या डोक्यावरची हवा वर चढायला नाखूश होते, एवढंच. याच्या उलट, फुंकर वाढली की ला निना.

आणि हे सगळं पाण्यानंच का ठरवावं, तर समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटर थरात जेवढी उष्णता मावते तेवढी वरच्या अख्ख्या वातावरणात मावते. हवा आज तापते, उद्या विसरते. पाणी महिनोन् महिने लक्षात ठेवतं. सहा महिने आधी काही सांगता येतं ते या आठवणीच्या जोरावर.

दर्यावर्दी | ९ जून, दुपारी १:१०

निळावंतीताई, बशी आवडली. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, आता अंबाझरीजवळ निवृत्त. नागपूरचा माणूस समुद्रावर कसा, हे मला चाळीस वर्षं प्रत्येक बंदरात विचारलं गेलंय.

पेरूचे कोळी फार जुन्या काळापासून पाहत आले की काही वर्षं नाताळाच्या सुमारास पाणी कोमट होतं आणि मासे गायब होतात. नाताळ म्हणजे बाळ येशूचा जन्म, म्हणून त्या पाण्याला एल निनो, स्पॅनिशमध्ये 'तो बाळ'. खालून येणाऱ्या थंड पाण्याबरोबर मासळीचं खाद्य वर येतं. पाणी तापलं की खाद्य तळातच राहतं. 

१९९७ च्या डिसेंबरात मी कॅलाओ बंदरात होतो. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्या नळावरचं तापमान दर पाळीला लिहावं लागतं. एरवी तिथं १७-१८ दाखवणारा काटा २६ वर होता. आमच्या चीफला वाटलं थर्मामीटर गेला.

आता राजेहोंसाठी खास. १९७२ चा एल निनो. आपल्याकडे तो बहात्तरचा दुष्काळ म्हणून ओळखतात: सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं, ज्यातून पुढे रोजगार हमी आली. त्याच वर्षी पेरूची अँचोव्ही मासोळी बसली. १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांच्या वर पकड होती, १९७३ मध्ये जेमतेम २० लाख. या मासोळीची पूड जगभर कोंबड्या-डुकरांना खाऊ घालत. ती मिळेना, म्हणून सगळे सोयाबीनच्या पेंडीवर तुटून पडले. भाव इतके भडकले की जून १९७३ मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच थांबवली. जपान हादरला आणि ब्राझीलमध्ये सोयाबीन वाढवायला पैसा ओतू लागला. आज तुमच्या सोयाबीनचा भाव ब्राझीलच्या पिकावर हलतो, हो की नाही?

राजेहो | ९ जून, १:४५

हे मात्र मले माहीत नव्हतं बावा. म्हंजे मासोळी मेली तिकडं अन् भाव आमचा. पण १९९७ चं उत्तर नाही भेटलं अजून.

आकडेमोड | ९ जून, रात्री ९:२०

मी संख्याशास्त्र शिकवते, हवामानातलं मला कळत नाही. पण एक गल्लत मला रोज दिसते. 'मोठे दुष्काळ बहुतेक एल निनोच्या वर्षी पडले' आणि 'एल निनोच्या वर्षी बहुतेक दुष्काळ पडतो' ही दोन वाक्यं एक नाहीत. पहिलं बऱ्यापैकी खरं: १९७२, १९८७, २००२, २००९, २०१५. दुसरं नाही. १९९७ ला देशात सरासरीच्या १०२ टक्के, २००६ लाही जवळपास सरासरी. आणि १९७४ ला प्रशांत महासागर चक्क थंड होता, तरी देशभर पाऊस कमी पडला. गावच्या ग्रुपवरचा निरोप पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो.

दुसरं: एल निनो 'आला' हे ठरवतं कोण? काल आला म्हणजे परवा नव्हता का?

निळावंती | १० जून, १०:०५

ठरवण्याची जागा ठरलेली आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंश, पश्चिम रेखांश १७० ते १२०, म्हणजे मध्य प्रशांतचा एक आयत. तिथलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश वर गेलं आणि तसंच राहण्याची चिन्हं दिसली, शिवाय वरची हवाही साथ देऊ लागली, की अमेरिकावाले जाहीर करतात. ऑस्ट्रेलियाचं खातं ०.८ अंश मागतं. म्हणून त्यांनी अजून जाहीर केलेला नाही. एकाच समुद्राबद्दल दोन घरांत दोन बातम्या, आणि दोन्ही आपापल्या मोजपट्टीनं बरोबर.

आता १९९७. दोन धागे आहेत. एक आपल्याच समुद्राचा. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की हिंद महासागरातही असाच झोपाळा आहे. कधी आफ्रिकेकडचं पाणी तापतं आणि सुमात्राकडचं थंड पडतं. याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. पश्चिम गरम असेल तर धन, उलटं झालं की ऋण. धन असला की बहुधा आपल्या पावसाला टेकू मिळतो. १९९७ ला तो चांगलाच धन होता. प्रशांतनं ओढलं, हिंदनं सावरलं.

दुसरा धागा: पाणी नेमकं कुठं तापलं. पेरूला चिकटून तापलं तर आपल्याला त्रास कमी, मध्य प्रशांतात तापलं तर जास्त. पुण्याच्या कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे मांडलं. १९९७ ला सगळा जाळ पूर्वेकडे होता. २००२ चा एल निनो त्यामानानं लहान, पण मध्यावर बसलेला, आणि त्या जुलैत देशात निम्माच पाऊस झाला. म्हणजे 'किती मोठा' यापेक्षा 'कुठं बसला' हे आधी विचारायचं.

खुर्चीपंडित | १० जून, ११:४०

थोडक्यात, पडला तर डायपोलमुळे, नाही पडला तर एल निनोमुळे. शास्त्रज्ञांची दोन्हीकडून चांदी. भेंडवळ परवडलं, निदान मातीच्या घटात करंजी-पापड तरी असतात.

निळावंती | १० जून, १२:१५

टोमणा पोचला. :) फरक इतकाच की आम्ही आकडा आधी छापतो, आणि चुकला की तो आमच्या गळ्यात घालता येतो. १९९७ ला तो आमच्या गळ्यात पडला म्हणून तर १९९९ चा शोध लागला.

आणि ही अडचण जुनी आहे. १८७७ आणि १८९९ च्या भयंकर दुष्काळांनी सरकार हादरलं होतं. आपला मध्य प्रांतही त्या शेवटच्या दशकात दोनदा होरपळला. १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांच्या प्रमुखपदी गिल्बर्ट वॉकर आले. हवामान शिकलेले नव्हेत, केंब्रिजचे गणिती, बूमरँग कसं फिरतं यावर लिहिणारे. त्यांनी आपल्या कारकुनांना जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे घेऊन बसवलं, हातानं गणितं करवली. त्यातून दिसलं की ताहितीकडचा दाब चढला की ऑस्ट्रेलिया-हिंदी महासागराकडचा उतरतो, आणि उलट. दाबाचा झोपाळा. का, ते त्यांना कळलं नाही, कारण समुद्राच्या पोटातले आकडे कुणाकडेच नव्हते. वॉकर १९२४ ला निवृत्त झाले, मधला दुवा जेकब बियर्कनेस यांनी १९६९ ला जोडला: दाबाचा झोपाळा आणि पेरूचं कोमट पाणी ही एकाच गोष्टीची दोन टोकं.

आकडेमोड | १० जून, ४:३०

मग १८७७ ला एल निनो होता का हे ठरवायला तेव्हाचं समुद्राचं तापमान तरी कुणी मोजलं होतं? माझी शंका प्रामाणिक आहे.

दर्यावर्दी | १० जून, ६:५०

आमच्या लोकांनी! बादली दोरीनं खाली सोडायची, पाणी वर ओढायचं, थर्मामीटर बुडवायचा, वहीत लिहायचं. गंमत अशी की कॅनव्हासची बादली म्हणजे आपला माठच. वर येईपर्यंत वाऱ्यानं पाणी निवतं, आकडा थोडा कमी भरतो. पुढे इंजिनाच्या नळाचं तापमान लिहू लागले, तिथं इंजिनरूमची ऊब लागून आकडा थोडा जास्त. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावणं म्हणजे पाणबुडीला आमंत्रण, म्हणून बादली मागे पडली आणि नळ पुढे आला. युद्ध संपलं, बादल्या परतल्या, आणि कागदावर जगाचा समुद्र १९४५ मध्ये अचानक थंड झाला! हा घोळ २००८ मध्ये नीट उलगडला.

निळावंती | १० जून, ७:३०

दर्यावर्दी काका, हे मी वर्गात सांगणार आहे. पुढचं जोडते. १९८२ चा एल निनो, त्या शतकातला एक सगळ्यात मोठा, चालू असताना कुणाला कळलाच नाही. उपग्रह होते. पण त्याच वसंतात मेक्सिकोत एल चिचोन ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुराळ्यानं उपग्रहांना समुद्र थंड दिसला. त्या फजितीतून प्रशांतात विषुववृत्तावर सत्तरेक तरंगते मोजणीखांब नांगरले गेले, १९९४ ला रांग पूर्ण झाली. आज याशिवाय जगभर चारेक हजार आर्गो फ्लोट, म्हणजे तरंगती मोजयंत्रं, आहेत. दर दहा दिवसांनी २००० मीटर खाली बुडी मारतात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात, उपग्रहाला निरोप देतात.

आकडेमोड | १० जून, ८:१०

मान्य. काका, तुमच्या त्या २६ अंशांची नोंद कुठं आहे का? की आठवणीतली?

दर्यावर्दी | १० जून, ८:२५

आहे तर! स्वतःसाठी वह्या ठेवायचो, ऑफिसच्या लॉगची नक्कल. खालच्या खोलीच्या कपाटात आहेत. सवडीनं काढतो.

तर्रीपोहा | ११ जून, सकाळी ८:००

मामाला सगळं सांगितलं, मासोळीसकट. शेवटी म्हणाला, "ते ठीक हाय. पेरू का नको?" 

निळावंती | ११ जून, ९:४५

मामांना माझ्याकडून नमस्कार, आणि खरं सांगा: ९६ टक्के हा आकडा जून ते सप्टेंबर, अख्ख्या देशाचा आहे. सरासरी ८७ सेंटिमीटर, त्याचे ९६ टक्के. काटोलच्या शेतात कोणत्या आठवड्यात किती, हे तो सांगत नाही. समुद्र ऋतूचा कल सांगतो. आठवड्याचं सांगायला वेगळी माणसं, वेगळी मॉडेल आहेत. विदर्भाला अरबी समुद्राची ओल लागते आणि बंगालच्या उपसागरात उठून आत येणारे कमी दाबाचे पट्टे लागतात. दोन पट्टे वेळेवर आले तर एल निनोच्या वर्षीही झड लागते.

म्हणून ग्रुपवरच्या निरोपाकडे नाही, जमिनीकडे बघा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन टाकू नका. दुबार पेरणीचा खर्च एल निनोपेक्षा वाईट. कपाशीत तुरीच्या ओळी थोड्या वाढवल्या तर खंड पडला तरी तूर तग धरते. संत्र्याचं मात्र मला कळत नाही.

राजेहो | ११ जून, १०:३०

संत्र्याचं मी सांगतो. मृगाचा भरवसा नसन त अर्ध्याच बागेचा ताण मृगात तोडा, बाकी झाडं आंबियावर, म्हंजे थंडीनंतरच्या बहारावर न्या. सगळी अंडी एका टोपलीत... नाही ते कोंबडीचं झालं. सगळी झाडं एका नक्षत्रावर नका ठेवू.

तर्रीपोहा | २८ जून, रात्री १०:१०

अपडेट. बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रात दहा-बारा दिवस रेंगाळलं, गुजरातेत उतरलं. इकडे जूनचा शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा कुठं पाऊस आला. मामानं दोन दिवसांपूर्वी टोबणी केली. ग्रुपवरचे दोघे जण १० जूनलाच धूळपेरणी करून बसले होते, त्यांचं गेलं. संत्र्याचा अर्ध्याचाच ताण तोडला, राजेहोंचं ऐकून.

संत्राबर्फी | २३ जुलै

यवतमाळात काल काय पूर! माझी बहीण महागाव भागात आहे, हेलिकॉप्टर आलं होतं म्हणे तांड्यावर. कुठं गेला तुमचा एल निनो?

खुर्चीपंडित | २३ जुलै

डायपोलमुळे, ताई. :)

आकडेमोड | २३ जुलै

डायपोल अजून नीट धन झालेलाही नाही, मी रोज पाहते आहे. (हे व्यसन या धाग्यानं लावलं.)

तर्रीपोहा | ३१ ऑगस्ट, रात्री ११:००

लिहायचा कंटाळा आला होता. जुलै देशात सरासरीच्या १३ टक्के वर गेला, आणि ऑगस्टमध्ये पावसानं जी दडी मारली ती मारलीच. आज आकडा आला: ३६ टक्के तूट, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. मामाच्या शेतात भेगा. कपाशीला दोन पाणी दिलं, सोयाबीन पिवळं पडतंय. आई म्हणते अधिक महिन्यामुळे. श्रावण दोन आले, पाऊस एकातच पडला.

निळावंती | १ सप्टेंबर, ९:३०

आईंच्या अधिक महिन्याला माझा आदर आहे. तो साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो म्हणजे येतोच, पुढच्या शंभर वर्षांचे आज मांडता येतील. एल निनोचं तसं नाही. दोन ते सात वर्षांत कधीही. त्याला 'चक्र' म्हणतात ते सवयीनं, खरं तर तो लहरी पाहुणा आहे. त्याहून लांब पल्ल्याचे झोके आहेत, उत्तर प्रशांतातला दोन-तीन दशकांचा (त्याला नाव अलास्काच्या सामन माशांचा अभ्यास करणाऱ्यानं दिलं, पुन्हा मासेच!) आणि अटलांटिकचा साठ-सत्तर वर्षांचा. शेतकऱ्याला त्यांचा रोजच्या कामी उपयोग नाही, पण एकाच एल निनोचा परिणाम काही दशकांत तीव्र आणि काही दशकांत फिका का, हे कळायला ते लागतात.

ऑगस्टबद्दल: या वेळी एल निनोचा हात नक्की दिसतो. पण महिनाभराच्या उघडिपीत आणखी एक खेळाडू असतो, ३० ते ६० दिवसांत विषुववृत्तावरून पूर्वेकडे फिरणारा ढगांचा तांडा. १९७१ ला मॅडन आणि ज्युलियन यांनी शोधला. तो आपल्यापासून लांब असला की खंड वाढतो, जवळ आला की पाऊस परततो. तांडा परतीच्या वाटेवर आहे. सप्टेंबर बरा जावा.

राजेहो | १५ सप्टेंबर, संध्याकाळी

आज मारबतची मिरवणूक पाह्यली का नाही? महालात आमचा पोट्टा घसा फाडून ओरडून राह्यला होता: "रोगराई, महागाई, एल निनो घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूचे लोकं विचारे, निनो कोण हाय बे, कोणत्या पार्टीचा?

संत्राबर्फी | १५ सप्टेंबर

:D :D पुढच्या साली मिरवणुकीत बडग्याचा पुतळाच काढा त्याचा.

आकडेमोड | २० सप्टेंबर

नोंद: काल ऑस्ट्रेलियाच्या खात्यानं एल निनो आणि धन डायपोल दोन्ही एकाच दिवशी जाहीर केले. अमेरिकेनंतर तीन महिन्यांहून जास्त काळानं. माझ्या जूनच्या शंकेचं उत्तर मिळालं.

तर्रीपोहा | २३ सप्टेंबर, सकाळी ९:१५

सगळे ठीक आहात का? रात्री दोन-अडीचपासून जे सुरू झालं ते काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर. बर्डीवर बस स्टँडमध्ये गाड्या पाण्यात, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटमध्ये बोटी फिरताहेत. दर्यावर्दी काका, तुम्ही त्याच बाजूचे. काका?

संत्राबर्फी | २३ सप्टेंबर, १०:०२

आमच्याकडे वीज नाही, बाकी ठीक. काकांचा फोन कुणाकडे आहे का?

खुर्चीपंडित | २३ सप्टेंबर, ११:३०

आता विनोद सुचत नाही. आमच्या गल्लीतल्या दोन आजींना पोरांनी खांद्यावर घेऊन काढलं.

राजेहो | २३ सप्टेंबर, दुपारी

तिकडं शेत वाळून राह्यलं होतं महिनाभर अन् शहरात बोट. हे काय वर्ष हाय राजेहो. काका, दोन शब्द लिवा.

निळावंती | २३ सप्टेंबर, ४:००

काकांची वाट पाहतेय. तोवर, कुणी विचारायच्या आधी: या एका रात्रीचं खापर मी थेट समुद्रावर फोडणार नाही. नाल्यांवर काय बांधलंय, पाणी मुरायला जागा किती उरलीय, ते नागपूरकरांनी सांगावं. पण मागची चौकट सांगते. पश्चिम हिंद महासागर १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी तापला, बाकी उष्ण कटिबंधातल्या समुद्रांपेक्षा जास्त. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्याच पट्ट्यात एकूण पाऊस मात्र घटला. बरेच दिवस कोरडे आणि मग एका रात्रीत सगळं. एल निनोच्या वर्षी अंबाझरी ओसंडू शकतो. ऋतूचा आकडा आणि रात्रीचा आकडा वेगळा असतो हे मी मामांसाठी लिहिलं होतं, शहराला लागू पडेल असं तेव्हा डोक्यात नव्हतं.

दर्यावर्दी | २६ सप्टेंबर, सकाळी ७:३०

आहे, आहे. फोन पाण्यात गेला होता, आज मुलाच्या लॅपटॉपवरून लिहितोय.

चाळीस वर्षं समुद्रावर काढली. बिस्केच्या उपसागरात काढली, केप ऑफ गुड होपला काढली. केबिनमध्ये पाणी कधी आलं नाही. नागपुरात, समुद्रापासून पाचशे किलोमीटरवर, रात्री तीनला पलंगाखालून चपला तरंगत बाहेर आल्या. मी आणि हिनं जिन्यात बसून रात्र काढली, सकाळी बोटीतून बाहेर आलो. ही म्हणाली, "शेवटी नेलंत मला बोटीतून."

खालची खोली छातीपर्यंत भरली होती. फ्रिज आडवा. कपाट उघडलं तर वह्यांचा लगदा.

आकडेमोड | २६ सप्टेंबर, ८:००

काका, जीव वाचला, वह्या गेल्या तर जाऊ द्या. मी तेव्हा उगाच नोंद मागितली.

दर्यावर्दी | २६ सप्टेंबर, ८:२०

उगाच नाही. नोंद मागायलाच हवी. गच्चीवर दोरीला पानं वाळत घातली आहेत, कपड्यांसारखी. निळी शाई गेली, पेन्सिलीनं लिहिलेलं राहिलं.

तर्रीपोहा | १ ऑक्टोबर, रात्री ९:४०

ऋतूचा शेवटचा आकडा आला: देशात ९४ टक्के. अंदाज ९६ अधिक-उणे ५, म्हणजे आत बसला. आणि त्या ९४ मध्ये आमचं जूनचं थांबणं, जुलैचा पूर, ऑगस्टच्या भेगा आणि २३ तारखेची रात्र सगळं मिसळून गेलं. आकडा बघून कुणाला कळणार नाही इथं काय झालं.

मामाकडे कपाशी उभी आहे. तूर झकास. सोयाबीनचं उत्पन्न निम्म्यावर. संत्र्याची फळगळ चालू आहे, सप्टेंबरच्या पाण्यानं. मृगात तोडलेली अर्धी बाग बरी म्हणायची. मामा म्हणतो, राजेहोंना एक पेटी पाठव.

राजेहो | १ ऑक्टोबर, १०:०५

पेटी नको, फळगळीवर फवारणी काय केली ते लिवा. अन् दोन पेट्या पाठवा.

दर्यावर्दी | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

पान सुकलं. पेन्सिलीचं होतं म्हणून वाचता येतंय. १९९७, डिसेंबर, कॅलाओ, पहाटेची पाळी, समुद्राच्या पाण्याचा नळ: २४.२.

सव्वीस मी कुठून आणलं देव जाणे. आकडेमोडताई, दुरुस्ती करून घ्या.

आकडेमोड | ८ ऑक्टोबर, ११:२०

केली.